कोआलाला शून्य

द्वारका
सोमवार, १ सप्टेंबर २०२५

श्रीमती क्षिप्रा यांस,

वर काय लिहावं यात माझा पाऊण तास गेला. 'चि.' लिहायचा हक्क तू काढून घेतला आहेस आणि 'सौ.' आता लागू नाही असं ऐकते. तेव्हा हे पत्र मराठी वक्तृत्व स्पर्धेच्या परीक्षकाकडून एका स्पर्धकाच्या पालकांना आहे असं समज. माझा फोन तू सहा वर्षांपासून ब्लॉक केला आहेस, म्हणून पत्ता स्पर्धेच्या फॉर्मवरून उतरवून घेतला. हे नियमात बसत नाही, पण आता घेतला.

काल आपल्या दिल्लीच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात छोट्या गटाची स्पर्धा झाली. विषय होता 'माझा आवडता प्राणी'. तुझी मुलगी शिवांगी, वय सात, तुमच्या शेजारच्या अरुणाबरोबर नोएडाहून आली होती. ती कोआलावर बोलली. औचित्याच्या रकान्यात तिला शून्य मिळालं, आणि त्यामुळे ती शेवटची आली. ते शून्य मी दिलं. त्याचं कारण पालकांना कळवणं माझं काम आहे, म्हणून लिहिते.

हॉल तुला आठवत असेल. अजून तसाच आहे. एसी बंद, सतरंज्यांना ओलसर वास, मागे टेबलावर साबुदाण्याच्या खिचडीचे द्रोण, आणि मुलं जीव तोडून बोलत असताना मचमच आवाज करत खाणारी मोठी माणसं. पंचवीस वर्षं मी त्या पहिल्या रांगेत बसते आहे आणि पंचवीस वर्षं मला त्या आवाजाची किळस येते आहे.

शिवांगीच्या आधी बाळ निमकरांचा नातू बोलला. निमकर आता अध्यक्ष आहेत. मिनिस्ट्रीतून रिटायर होऊन दहा वर्षं झाली तरी समोरच्याने उभं राहून बोलावं अशी त्यांची अपेक्षा असते. नातवाचं, जयेशचं, भाषण पांडावर होतं आणि ते आजोबांनीच लिहिलं होतं, कारण प्रत्येक वाक्याला आजोबांचे ओठ हलत होते. पांडा आणि कोआला म्हणे सख्खे भाऊ. एक चीनला गेला, एक ऑस्ट्रेलियाला. दोघंही गोंडस अस्वलं. पांडा फक्त बांबू खातो, म्हणून तो शुद्ध शाकाहारी. या वाक्याला टाळ्या पडल्या. एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलेल्या बाईने हे मान डोलावत ऐकलं आणि कागदावर 'आशय उत्तम' असं लिहिलं. माझं अक्षरही चांगलं आलं.

मग शिवांगी आली. तिच्या हातात कागद नव्हता. दिल्लीत वाढलेल्या मुलांना 'ळ' म्हणता येत नाही, तिला येतो. तिने सांगितलं, की पांडा अस्वल आहे, पण कोआला अस्वल नाही. कोआलाच्या आईच्या पोटाला पिशवी असते. पिल्लू राजम्याच्या दाण्याएवढं जन्मतं आणि डोळे मिटलेले असतानाच चढत चढत त्या पिशवीत जातं. कोआला निलगिरीचा पाला खातात. तो पाला विषारी असतो, आणि तो पचवणारे जंतू पिल्लाच्या पोटात नसतात. म्हणून पिल्लू सहा महिन्यांचं झालं की आई त्याला स्वतःची मऊ विष्ठा खाऊ घालते. त्यातून ते जंतू पिल्लाला मिळतात आणि मग त्याला विष पचवता येतं.

हॉलमध्ये काय झालं असेल याची कल्पना कर. कोणीतरी मोठ्याने 'छी' म्हणालं. लतिकाबाईंनी हातातला द्रोण खुर्चीखाली ठेवला. मागून एक गृहस्थ म्हणाले, "खाते टाइम ये सब?" निमकर माझ्या कानाशी वाकले. "नीरजाताई, बाप्पासमोर हे बिल्कुल शोभत नाही. आता तुम्हीच बघा."

मी बघितलं. स्थळकाळाचं भान हाही वक्तृत्वाचाच भाग आहे. पुढच्या वर्षी विषय निवडताना काळजी घ्यावी.

नीरजा आठल्ये
परीक्षक

---

द्वारका
बुधवार, ३ सप्टेंबर

क्षिप्रा,

परवाच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही. ती लिहायचा माझा विचारही नव्हता. आज सकाळी अरुणाचा फोन आला, म्हणून लिहावी लागते आहे.

ती बिचारी मला नुसती परीक्षक समजते. मंडळाच्या यादीतून नंबर काढून तिने फोन केला. म्हणाली, "आंटी, शून्याचं काही नाही हो. शिवांगीने ते मनावरही नाही घेतलं. पण घरी आल्या आल्या तिने आईला विचारलं, तू मला खोटं का शिकवलंस? मॅडमनी माइकवर सांगितलं की असं नसतं. तेव्हापासून ती क्षिप्राचं काही म्हणजे काही मानत नाही. दूध गरम नाहीये म्हटलं तरी म्हणते, पहले किसी और से पूछूँगी. क्षिप्राने तिला गुगल दाखवलं. तर म्हणाली, आई, तूच म्हणतेस ना, गुगलवर काहीही लिहिलेलं असतं."

हे तू तिला शिकवलंस. आणि तुला मी शिकवलं होतं, तू नववीत असताना, विकत मिळणाऱ्या गाइडांबद्दल.

तर त्या दिवशी हे झालं. नियमाप्रमाणे भाषणानंतर परीक्षक एक प्रश्न विचारतात. लोकांची कुजबुज चालली होती आणि पोरगी स्टेजवर ताठ उभी होती. मी माइक घेतला आणि विचारलं, "हे तुला कोणी सांगितलं?" वाटलं, यूट्यूब म्हणेल, मग आपण हसून विषय मिटवू. ती म्हणाली, "माझ्या आजीने आईला सांगितलं, आईने मला."

क्षिप्रा, ते माझं वाक्य होतं. राजम्याचा दाणासुद्धा माझा. तुला गोवर आला होता तेव्हा तुझ्या उशाशी बसून मी ते सांगितलं होतं आणि तू ई करून पांघरुणात तोंड लपवलं होतंस. मग तेच पुन्हा सांग म्हणून हट्ट धरला होतास. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग फॉर्म पाहिला. शिवांगी क्षिप्रा, एवढंच लिहिलेलं. आडनावाची जागा रिकामी.

मंडळात सगळ्यांना वाटतं की तू पुण्याला सासरी सुखात आहेस. मीच तसं सांगत आले. दर दिवाळीला मी तुझ्या नसलेल्या फोनबद्दल सांगते, जावयाच्या बढतीबद्दल सांगते. एकदा तर तुझ्या नावाने पुण्याहून आलेली म्हणून मीच करोल बागेतून घेतलेली साडी नेसून गेले. आता कोणी त्या मुलीला पुढचा प्रश्न विचारला असता, कोण गं तुझी आजी, तर?

म्हणून मी माइकमध्ये म्हणाले, "नाही बाळा, असं काही नसतं. तुझ्या आईला कोणीतरी चुकीचं सांगितलंय." लोक हसले. निमकर खुर्चीत मागे टेकून बसले. शिवांगी म्हणाली, "पण आई खोटं नाही बोलत." मी म्हणाले, "थँक्यू, बस आता."

मला माझी शिसारी येते आहे. आरशात बघून दात घासणं जड जातं, इतकी.

तरीही एक सांगते. तू मुलीला स्वतः घेऊन यायचं होतंस. परीक्षक म्हणून माझं नाव पत्रिकेवर छापलेलं होतं. ते वाचूनच तू तिला पाठवलंस, आणि नेमकं माझंच बोलणं तिच्याकडून पाठ करून घेतलंस, हे आता मला कळतं. मला ते हॉलमध्ये अडीच मिनिटांत कळायला हवं होतं असं तुला वाटत असेल, तर ते जरा जास्त आहे.

सहा वर्षांपूर्वीचं मी काढत नाही. तू सात महिन्यांच्या शिवांगीला घेऊन एका बॅगेनिशी आलीस, नवरा मारतो म्हणालीस. मी तुझ्या सासूबाईंना फोनवर म्हणाले की ती लहानपणापासून जरा नाटकी आहे, तुम्ही मनावर घेऊ नका. तू दाराआड होतीस हे मला माहीत नव्हतं. पंधरा दिवसांनी मीच तुला पुण्याच्या गाडीत बसवलं. तेव्हा मला सगळी परिस्थिती माहीत नव्हती. एवढंच.

शनिवारी अनंत चतुर्दशीला बक्षीस समारंभ आहे. माइक पुन्हा माझ्याच हातात असेल. मी सगळ्यांसमोर सांगेन की मुलगी बरोबर होती. तुझ्या मुलीचा तुझ्यावरचा विश्वास मी मोडला आहे, तो मीच नीट केला पाहिजे. शिवांगीला घेऊन ये.

आई

---

द्वारका
रविवार, ७ सप्टेंबर

क्षिप्रा,

तू आली नाहीस. बरं झालं.

अरुणा आली होती. तिने सांगितलं, माझी दोन्ही पत्रं तू न फोडता फ्रिजवर ठेवली आहेस. म्हणजे मी समारंभाला बोलावलं हेही तुला माहीत नव्हतं. हे पत्रही तिथेच जाईल. एका अर्थी सोपं आहे. जे कोणी वाचणार नाही त्यात चांगलं दिसायची गरज नसते.

काल मी ठरवून गेले होते. चार वाक्यं तयार केली होती. शिवांगीने सांगितलं ते खरं आहे. मी प्राणिशास्त्राची शिक्षिका आहे आणि मला ते माहीत होतं. तरी मी तिला खोटं ठरवलं. ती माझी नात आहे.

निमकरांनी माझी ओळख करून दिली. ज्ञानतपस्वी म्हणाले. मी माइक हातात घेतला. पुढच्या रांगेत लतिकाबाई होत्या, त्यांच्याशेजारी तुझ्या लग्नात पंगतीत आग्रह करत फिरलेले शांताराम जोशी होते. सगळे प्रसन्न तोंडाने बघत होते. मी म्हणाले, "एक दुरुस्ती करायची आहे. कोआला हे अस्वल नाही."

मी पुढे बोलत गेले आणि जे बोलायचं होतं त्याच्या आजूबाजूने फिरत राहिले. पांडा अस्वल आहे, कोआला पिशवीवाला प्राणी आहे. पांडाचं पिल्लू शंभरेक ग्रॅमचं, कोआलाचं एक ग्रॅमचंसुद्धा नाही. पांडा दिवसभर खातो, कोआला दिवसभर झोपतो. दोघांचा काडीचाही संबंध नाही, केवळ गोल तोंड बघून आपण त्यांना भाऊ करतो. लोकांना मजा वाटली. निमकर हसून म्हणाले, "अरे वा, ताई शाळा सोडली तरी क्लास घेतातच." हशा झाला. जयेश तेवढा घाबरला होता. त्याने विचारलं, "मॅडम, मेरा वाला तो भालू है ना?" मी म्हणाले, हो, तुझा आहे. मग मी त्याच्या गळ्यात पहिल्या क्रमांकाचं मेडल घातलं, फोटोसाठी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली येऊन बसले. विष्ठेबद्दल मी काही बोलले नाही. शिवांगीबद्दल बोलले नाही. खरं बोलायचं होतं तिथे मी वर्गीकरण शिकवून आले.

प्रसादाचा मोदक हातात दिला तो मला गिळवला नाही. बाहेर येऊन गेटजवळच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. गणपतीचा प्रसाद. साठ वर्षांत असं कधी केलं नव्हतं.

जयेशच्या पांडाबद्दल कोणी सांगत नाही ते तुला सांगते. त्याचं पोट मांस खाणाऱ्या प्राण्याचं आहे. ते पोट घेऊन तो बारा-बारा तास बांबू चावत बसतो. त्यातलं पाचात एकसुद्धा धड पचत नाही. मग दिवसातून चाळीसेक वेळा ते जसंच्या तसं बाहेर टाकतो आणि पुन्हा खायला बसतो. जग म्हणतं, काय गोड आहे. मंडळातल्या माझ्या पंचवीस वर्षांचं याहून वेगळं वर्णन मला करता येत नाही. पचत काहीच नव्हतं, पण गोड दिसत होते.

आणि तुझ्या मुलीचा कोआला. वास मारतो, भांडखोर असतो, मेंदू म्हणशील तर जेमतेम. पण त्या आईला एक गोष्ट पक्की माहीत असते. पिल्लाला विषावरच जगायचं आहे, तर ते पचवायची ताकद आपल्या अंगातूनच द्यावी लागेल, मग ते कितीही घाण दिसो. हॉलमधली सगळी माणसं त्यालाच छी म्हणाली. तू पुण्याहून आलीस तेव्हा मी तुला चहा दिला, नवं पातळ दिलं, डबा भरून लाडू दिले. सगळं स्वच्छ दिलं. ज्याने तुझं निभावलं असतं ते दिलं नाही.

पुढे तू त्याला सोडलंस, नोएडाला नोकरी शोधलीस, मुलीला एकटीने वाढवलंस, 'ळ'सुद्धा शिकवलास. ते बळ तू कुठून आणलंस मला माहीत नाही. माझ्याकडून नाही, एवढं माहीत आहे.

मंडळाचा राजीनामा आज सकाळी व्हॉट्सॲपवर टाकला. कारण 'प्रकृती' असं लिहिलं. बघ, तेही खोटंच.

---

नोएडा, तुमच्या सोसायटीच्या गेटवर
रविवार, १४ सप्टेंबर, सकाळी साडेअकरा

क्षिप्रा,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही. गार्डच्या खुर्चीवर बसून, त्याच्याच पेनाने लिहिते आहे.

आठवडाभर मला घरात बसवलं नाही. तू पत्रं फोडत नाहीस आणि शिवांगी रोज दूध गरम आहे का ते दुसऱ्या कोणाला विचारते, हे डोक्यातून जाईना. तुला काय वाटतं ते वाटो, पण त्या मुलीला दिलेला खोटा निकाल मीच परत घ्यायला हवा होता. म्हणून सकाळी मेट्रोच्या ब्लू लाइनने निघाले. सव्वा तास लागला. इतके दिवस तू माझ्यापासून एका तिकिटाच्या अंतरावर होतीस आणि मी पुण्याच्या गप्पा मारत होते.

गार्ड चांगला आहे. म्हणाला, "आंटी, फ्लैट में कौन बोलूँ?" मी म्हणाले, टीचर बोलो. त्याने इंटरकॉम लावला, दोन शब्द बोलला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. "बच्ची है," म्हणाला.

"हॅलो, कौन?"

मी म्हणाले, "शिवांगी, मी गणपतीतल्या स्पर्धेची परीक्षक."

"वो माइकवाल्या मॅडम? आई नहायला गेलीये."

"मला तुझ्याशीच बोलायचंय. कोआलाची आई पिल्लाला तेच खायला घालते. तू म्हणालीस ते सगळं बरोबर होतं. तुझ्या आईने तुला खरं सांगितलं होतं. मी खोटं बोलले."

मागे टीव्हीचा आवाज येत होता. तिने तो बंद केला असावा.

"पण तुम्ही तर टीचर आहात ना?"

"होते."

"तुम्हाला नव्हतं माहीत?"

"माहीत होतं."

"मग झूठ का बोललात?"

गार्ड माझ्याकडे बघत होता. मी म्हणाले, "सगळे छी म्हणत होते. मी घाबरले."

"मैं तो नहीं डरी थी," ती म्हणाली. चिडून नाही, नुसती माहिती दिल्यासारखी.

"हो, मी बघितलं. तू घाबरली नाहीस. सॉरी, शिवांगी."

ती म्हणाली, "मला मेडल मिळणार आता?"

"नाही. ते दिलं गेलं."

"चलेगा. पण मला सॉरी नका बोलू. आईला बोला. त्या दिवशी ती बाथरूममध्ये रडत होती, मी ऐकलं. मीच तिला लायर म्हणाले होते ना."

मग म्हणाली, "थांबा हं, आई आली की सांगते," आणि फोन ठेवला. मी तिला आजी वगैरे काही सांगितलं नाही. ते सांगायचं की नाही हे तू ठरव.

आता तू बाहेर आली असशील आणि ती तुला सांगत असेल. खाली ये म्हणून मी हे लिहीत नाही. तुझ्या मुलीने सांगितलं की सॉरी आईला बोला, म्हणून लिहिते. मी तीन पत्रं लिहिली आणि एकातही ते लिहिलं नाही. गार्डला सांगितलंय, हे पत्र तुझ्या हातात द्यायचं, फ्रिजवर ठेवू द्यायचं नाही.

मागच्या एका पत्रात मी लिहिलं होतं की तू पुण्याहून आलीस तेव्हा मला सगळी परिस्थिती माहीत नव्हती. ते खोटं आहे. तू दुपारी शिवांगीला पाजायला बसली होतीस. बाही वर सरकली होती. तुझ्या दंडावरचे वळ मी पाहिले, बोटांचे, चार, स्पष्ट. मला शिसारी आली, आणि ती त्या माणसाची नाही, त्या वळांची आली, की आता हे लोकांना दिसणार. मी दुपटं नीट करायच्या निमित्ताने तुझी बाही खाली ओढली. मग आत जाऊन तुझ्या सासूबाईंना फोन लावला.

माझं चुकलं, क्षिप्रा. तू खरं बोलत होतीस आणि मला ते तेव्हाच माहीत होतं.